लेकीच्या घरचं पाणी

वर्ध्याला हिवाळ्यात एका शनिवार-रविवारी नाटकं असतात, आणि वडनेरहून आम्ही मायलेकी दरवर्षी जातो. प्रयोग सुटल्यावर परतीची बस मिळत नाही, म्हणून मुक्काम आला. मुक्काम कुठे करायचा यावरून आमच्या घरी ठरलेलं भांडण. भांडायची मी एकटीच. आई फक्त मान हलवायची.

माझी धाकटी बहीण वर्ध्यातच राहते, नाट्यगृहापासून अगदी जवळ. नर्स आहे, भाड्याचं घर तिच्याच नावावर आहे. पण लग्नाला चार वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं, आणि लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा आमच्याकडचा जुना दंडक. बाकीच्यांनी तो कधीच सोडला. आईने मात्र छातीशी धरून ठेवला होता. म्हणून दरवर्षी लॉज.

गेल्या वर्षी मी मोबाइलवर खोल्यांचे फोटो बघत होते आणि बहिणीचा फोन आला.

"ताई, लॉज काऊन पाहून राह्यली? आईले घेऊन माह्याकडंच ये ना. दोन रात्री तरी."

त्या 'तरी'चा अर्थ मला कळला. दिवाळीत आली तेव्हा तिने मला सगळं सांगितलं होतं. नवरा मारतो. पट्ट्याने मारतो, भिंतीवर डोकं आपटतो. फक्त घरात पाहुणा असला की त्याचा हात उठत नाही. पाहुण्यांसमोर तो अगदी सभ्य जावई असतो, पाटावर बसून हसतो. सोडून ये म्हटलं तर म्हणाली, आईले सहन होणार नाई. म्हणजे ती आम्हाला नाटकासाठी बोलवत नव्हती. तिला दोन रात्री मार नको होता.

मी आईला हे सरळ सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नवरा-बायकोत होतच राह्यते. अन् तिच्या घरचं पाणी मले चालत नाई."

माझं डोकंच फिरलं. "पाणी घरून ने मंग, बाटली भरून!" मी ओरडले. आईने सूप उचललं आणि आत निघून गेली. मी चिडून स्टेशनाजवळचा लॉज धरला.

शनिवारी दुपारी खोलीत सामान टाकलं. बहीण तिथेच येणार होती, मग तिघी मिळून नाटकाला. ती आली नाही. फोन बंद. आई खिडकीशी जाऊन रस्ता बघायची, परत पलंगावर बसायची. शेवटी तीच म्हणाली, "चाल, पाहून येऊ." बहिणीसाठी आणलेला पुडाच्या वड्यांचा स्टीलचा डबा तिने माझ्या हातात दिला. खोलीची किल्ली तिच्या मुठीत होती.

दाराबाहेरच आवाज ऐकू आला. कणिक तिंबताना येतो तसा, दबका, एकामागून एक. बहीण ओरडतसुद्धा नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने तिचे केस मुठीत धरून तिला ओट्यावर वाकवलं होतं आणि दुसऱ्या हाताने पाठीत बुक्के घालत होता. तिच्या ओठातलं रक्त ओट्यावरच्या कणकेत पडलं होतं.

मी डबा फिरवला. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. झाकण उडालं, वड्या घरभर झाल्या. त्याने मला ढकललं, माझं कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं. मी उठून पुन्हा घातला. खोटं कशाला बोलू, मला थांबायचं नव्हतं. त्या क्षणी तो मेला असता तरी मला चाललं असतं.

तो कान दाबून भिंतीला टेकला. म्हणाला, "तुमचं इथं काय काम? तुमी त लॉजवाले!"

मी आईकडे पाहिलं. ती अजून उंबऱ्याबाहेर होती. आत आली. वड्या चुकवत माठापाशी गेली, ग्लास बुडवला आणि उभ्यानेच घटाघटा सगळं पाणी प्याली. थोडं हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. तिने ते पुसलं नाही.

जावयाला चार वर्षं ती 'जवाईबापू, तुमी' म्हणत होती.

"हे माह्या लेकीचं घर हाये," ती म्हणाली, "अन् मी इथं राहून राह्यली. तू जाय लॉजवर." किल्ली तिने त्याच्या अंगावर फेकली. ती त्याच्या छातीला लागून खाली पडली.

तो माझ्या हातातल्या चेपलेल्या डब्याकडे बघत होता. दारात शेजारचे लोक जमले होते. त्याने वाकून किल्ली उचलली आणि गेला.

आम्ही बहिणीला दवाखान्यात नेलं, तिथून पोलीस ठाण्यात. नाटकं राहिली. घरी आल्यावर आईने ती रक्त लागलेली कणिक फेकली, नवी मळली आणि पहिली पोळी तिथेच बसून खाल्ली. बहीण बघत राहिली. ठाण्यातसुद्धा तिने मान हलवूनच उत्तरं दिली होती.

रविवारी दुपारी तो आला. अंघोळ केलेली, केस विंचरलेले. पायरीवर उभा राहिला आणि तोच सभ्य जावयाचा आवाज काढून म्हणाला, "बोलू आपण. आधी पाणी त द्या."

आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत. आईचा हात सवयीने माठाकडे गेला.

बहिणीने तो हात धरला. कालपासून पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला.

"लॉजवर भेटते पाणी," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.