कमळाच्या पानावरची अंडी

बाबा गेल्यावर त्यांची ट्रंक आवरताना माझी लाल रिबीन सापडली, आणि पवईच्या तलावातल्या शेवाळाचा ओला वास आठवला. तेव्हा गिरणीचा संप चालू होता. आई नोकरीला जायची आणि माझ्या वेण्या बाबा घालायचे, गिरणीतल्या साच्यावर ताणलेल्या सुतासारख्या घट्ट. चाळीतले हसले की ते मान खाली घालायचे. श्रावणातल्या एका सकाळी आम्ही दोघं तलावावर गेलो होतो. पाणी चढत होतं, आणि लांब शेपटीचा एक पक्षी कमळाच्या ज्या पानावर अंडी उबवत बसला होता, ते पान बुडू लागलं होतं. "बाबा, तिची अंडी जाणार," मी म्हणाले. शेजारी गळ टाकून बसलेला म्हातारा हसला. "ती कसली? मादी अंडी घालून कवाच गेली. बाप हाय तो, पोरी." तेवढ्यात त्या पक्ष्याने एक अंडं चोच आणि छातीच्या मध्ये धरलं आणि मागे मागे सरकत पलीकडच्या पानावर नेलं. मग दुसरं, तिसरं, चौथंही. आम्ही पाहत राहिलो. परतताना बसस्टॉपवर माझी वेणी सुटली. बाबांनी तिथेच, सगळ्यांसमोर, सावकाश ती पुन्हा घातली. कोण बघतंय हे पाहिलंही नाही. या रिबिनीला त्यांच्या हातची गाठ अजून आहे. मी ती सोडवली नाही.