माहेरी राहते

शिरोड्याच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं मुलांची क्रियापदं दुरुस्त केली. गावात कोणाला सरकारात अर्ज करायचा असला की त्याचे पाय माझ्याच ओटीकडे वळत, आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायचं आहे ते बाबली रेडकराचं आयुष्य, आणि त्याची नासाडी माझ्या हातून झाली.

बाबली मिठागरावर कामाला होता. वाफे तुडवून घट्ट करायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हाने ते आटलं की मीठ ओढून काठावर राशी घालायच्या. खाऱ्या पाण्याने त्याच्या टाचा बारा महिने फाटलेल्या. बोलणं बेताचं, विचारलं तर एक शब्द, नाही विचारलं तर तोही नाही. घरात तो आणि त्याची आई हौसाबाई, जी दोघांच्या वाटचं बोलून घेई.

एकोणीसशे चोपन्नच्या वैशाखात त्याचं लग्न झालं. बायको कोरगावची, नर्मदा. कोरगाव तेरेखोलच्या खाडीपलीकडे, पेडण्याच्या बाजूला. तिकडे पोर्तुगिजांचं राज्य. पण ते राज्य आमच्या लग्नांच्या आड कधी आलं नव्हतं. आरोंद्याला होडीत बसायचं, किरणपाणीला उतरायचं आणि पुढे चालत सुटायचं. सकाळी माहेरी गेलेली बाई संध्याकाळी चुलीपाशी परत. आमच्या गावातल्या कितीतरी सुना तिकडच्या आणि कितीतरी लेकी तिकडे दिलेल्या. सून परदेशी असू शकते, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

नर्मदा बडबडी होती. दुपारी पेज घेऊन ती मिठागरावर जायची आणि बांधावर बसून गावभरच्या गोष्टी त्याला सांगायची. बाबलीला दात आहेत हे आम्हाला त्या वर्षी कळलं, असं मी तेव्हा सगळ्यांना हसून सांगत असे.

पुढच्या आषाढात तिला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरचं. तिचा थोरला भाऊ दाजी न्यायला आला, आणि बाबली तिचं बोचकं डोक्यावर घेऊन आरोंद्यापर्यंत गेला. होडीत बसताना ती म्हणाली, "बाळाक घेवन दिवाळेक येतंय." तो नुसती मान हलवून परत आला.

महिन्याभरात गोव्याचा सत्याग्रह पेटला, गोळ्या चालल्या, माणसं मेली. आपल्या सरकारने वाट बंद केली. पलीकडे पाखल्यांचे, म्हणजे पोर्तुगिजांचे, शिपाई बंदुका घेऊन किरणपाणीच्या काठावर बसले. आरोंद्याच्या होड्या काठावर ओढून उपड्या घातल्या. नवरात्रात नर्मदेला मुलगी झाली, तिचं नाव सुगंधा ठेवलं, हे कळायला मार्गशीर्ष उजाडला. पत्र कुठून कुठून फिरून आलं होतं आणि कोणीतरी ते आधीच फोडलेलं होतं. मी ते बाबलीला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा वाचा म्हणायची त्याला लाज वाटली, तेव्हा मीच आपणहून वाचलं.

काही लोक बायकामुलांना चोरून आणत. जवळच्याच एका गावात अशी आणलेली बाई पोलिसांना सापडली आणि तान्ह्या मुलासकट परत पाठवली गेली. मी बाबलीला विचारलं, तुझा काय विचार आहे? तो म्हणाला, "माझी बायल काय चोरीचो माल नाय, मास्तर. ती उजेडात येतली."

उजेडात यायचं तर परवाना हवा. सत्तावन्न साली कचेरीतून प्रश्नांचा एक कागद आला. पत्नीचं नाव काय, जन्म कुठला, सध्या कुठे राहते, केव्हापासून, कशासाठी. बाबली माझ्या ओटीवर उकिडवा बसला आणि मी बोरू काढला. माझं अक्षर वळणदार. अर्ज म्हणजे मला पोथी लिहिल्यासारखं वाटे. 'सध्या कुठे राहते' या प्रश्नापाशी मी थांबलो. 'माहेरी गेली आहे' असं लिहावं, तर काल-परवा गेल्यासारखं वाटतं. इथे तर दीड वर्ष होऊन गेलं. सरकारला नेमकं उत्तर हवं असतं. म्हणून मी लिहिलं: 'कोरगाव येथे माहेरी राहते.'

मग सगळा अर्ज त्याला वाचून दाखवला. त्या ओळीवर बाबलीने मान वर केली.

"मास्तर, 'रवता' ह्या बरा दिसत नाय. ती गेली हा. रवता म्हणजे..."

आपल्याकडे 'माहेरी राहते' म्हणजे काय, हे काय मला ठाऊक नव्हतं? नवऱ्याने टाकलेली, नाहीतर नवऱ्याला सोडून आलेली. शेंबडं पोरही सांगेल. पण अक्षर इतकं छान उतरलं होतं, आणि एक अंगठेबहाद्दर माझं क्रियापद सुधारत होता. मी म्हणालो, "आता तू मला मराठी शिकवणार का?" त्याने शाईत अंगठा बुडवला.

दहा महिन्यांनी उत्तर आलं. अर्जदाराची पत्नी परक्या मुलखात पित्याच्या घरी राहत असून पतीपासून विभक्त असल्याचं अर्जावरून दिसतं, सबब विचार करता येत नाही. खाली शिक्का. मी ते वाचत असताना हौसाबाई दारात उभी होती. तिला 'विभक्त' एवढा एकच शब्द कळला आणि तेवढा तिला पुरला.

"सरकारानच सोडचिठ्ठी दिल्यान," ती बाबलीला म्हणाली, "तू कित्याक धरून बसलस? दुसरी बघूया."

बाबलीने दुसरी बघितली नाही. पण हौसाबाईने ही सोडचिठ्ठी विहिरीवर सांगितली, बाजारात सांगितली, देवळात सांगितली. खाडी माणसांना बंद होती, बातम्यांना नव्हती.

मी मात्र ईर्षेला पेटलो. बाबलीला घेऊन कचेरीत गेलो. तिथे गणपतराव नावाचे एक वयस्क कारकून होते, सज्जन माणूस. त्यांनी आम्हाला बाकावर बसवून नियम समजावून दिला. बाई इथली रहिवासी असून थोड्या दिवसांसाठी, परत येण्याच्या इराद्याने बाहेर गेली असेल, तर तिची वाट एक. तिकडेच राहत असेल आणि आता इथे कायमची यायचं म्हणत असेल, तर वाट दुसरी, आणि ती फार लांबची. "अर्जात तुम्ही तिला दुसऱ्या वाटेला लावलंत," ते म्हणाले. "नुसतं 'गेली आहे' लिहिलं असतंत तरी चाललं असतं." बाबली माझ्याकडे बघेल म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्याने बघितलं नाही.

आता परत येण्याचा इरादा सिद्ध करायचा होता. त्याला दोन गोष्टी लागत. एक म्हणजे तिचं सामान सासरी आहे याचा पंचनामा. दुसरी म्हणजे तिचा स्वतःच्या अंगठ्याचा कागद, की मी बाळंतपणापुरती आले आहे आणि मला माझ्या घरी जायचं आहे.

पंचनाम्याला तलाठी आला. हौसाबाईने तोंड वाकडं करून एकेक वस्तू ओटीवर आणून आपटली. पत्र्याची ट्रंक, हिरवं लुगडं, फणी, करंडा, लग्नातली पितळी समई. तलाठी लिहीत होता. बाबलीने त्याला अंगणात नेलं आणि तुळशीजवळची अबोली दाखवली. "ही तिनाच लायलेली. लिवा." झाड सामानात धरत नाहीत, असं तलाठ्याने सांगितलं. बाबली दुसऱ्यांदा म्हणाला, "लिवा." त्याला इतका हट्टाला पेटलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. तलाठ्याने काही लिहिलं नाही.

नर्मदेचा कागद मी स्वतः तयार केला, या वेळी प्रत्येक शब्द चारदा तपासून, आणि खाडीतून येणाऱ्या-जाणाऱ्या एका माणसाकरवी कोरगावला पाठवला. तिच्या अंगठ्याची तेवढी वाट बघायची होती. पावसाळा गेला, मिठाचा हंगाम आला. बाबली कामावरून सुटला की सरळ माझ्याकडे येई, पायरीवर बसे आणि मी नाही म्हणून मान हलवली की उठून जाई. शेवटी कागद परत आला तो कोराच. सोबत दाजीचा निरोप होता. नवऱ्याने सरकारात अंगठा देऊन सांगितलं आहे की बायको माहेरी राहते. तर मग राहू दे. आम्हाला ती जड झालेली नाही.

मी त्यांना पत्र लिहून खरं सांगायला हवं होतं. शब्द माझा होता, बाबलीने मला अडवलं होतं, असं दोन ओळींत लिहिता आलं असतं. मी पत्र लिहिलं. त्यात गैरसमज झाला, कचेरीची घाई, भाषेची अडचण, असलं सगळं सुंदर अक्षरात लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. यावं असं त्यात काही नव्हतंही.

मग एकसष्टच्या डिसेंबरात दोन दिवसांत गोवा मोकळा झाला. गावात पेढे वाटले. उपड्या होड्या सुलट झाल्या. बाबलीने दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाला, "मास्तर, तुमी येशात?" मी गेलो. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच गेलो.

कोरगावात दाजीच्या ओटीवर पाच-सात माणसं जमली. आम्हाला पाहुण्यांसारखं गूळपाणी दिलं. नर्मदा आतून येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. वाळली होती. सहा वर्षांची मुलगी तिच्या लुगड्यामागून आमच्याकडे बघत होती, आणि दोघांतला आपला बाप कोणता हे तिला कळत नव्हतं. नर्मदेने रडारड केली नाही की भांडणही काढलं नाही. तिने नवऱ्याला सरळ विचारलं.

"तो अर्ज तुमका वाचून दाखवलेलो?"

"होय."

"मी माहेराक रवतंय ह्या त्येत होता?"

"होता."

"तुमी आयकल्यात?"

"आयकलंय."

"आणि अंगठो दिल्यात."

"दिलंय," बाबली म्हणाला.

मी म्हणालो, "नर्मदे, शब्द माझा होता. मी लिहिला." ती म्हणाली, "लिवणारो लिवता, मास्तर. शब्द अंगठो देणाऱ्याचो आसता." बाबलीने तेव्हा माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात काही मागणं नव्हतं; मी बोलेन, एवढंच तो धरून होता. त्याने मला अडवलं होतं आणि मी त्याला गप्प केलं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ओटीवर माणसं होती, त्यांतले दोघं वाट बंद व्हायच्या आधी माझ्याच शाळेत शिकून गेलेल्यांचे बाप, आणि मी मास्तर होतो. माझी जीभ उचलली नाही. आणि बाबली कधी कोणाचं नाव सांगणाऱ्यातला नव्हता. त्याने मान खाली घातली. नर्मदा मुलीला घेऊन आत गेली.

परतीच्या होडीत मी रडलो. बाबलीनेच माझी समजूत घातली. "येतली," तो म्हणाला. "रागान आसा. राग जातलो."

त्यानंतर दर महिन्याला तो कोरगावला जात राहिला. मिठाची पिशवी, सुकी मासळी, मुलीला परकराचं कापड. नर्मदा त्याला जेवायला वाढी, ताटापाशी उभीही राही, आणि शेवटच्या होडीची वेळ झाली की सांगे, "उठा, होडी जायत." मुलगी त्याला हळूहळू बाबा म्हणू लागली. आता परवाना लागत नव्हता, रहिवासाचा दाखला कोणी मागत नव्हतं. सून शिरोड्याला आली असती तर तिला अडवणारा एकही शिपाई वाटेत उरला नव्हता.

सदुसष्टच्या एप्रिलमध्ये मिठागरावर भर उन्हात बाबली बांधावर बसला आणि तिथेच आडवा झाला. घरी आणेपर्यंत संपलं होतं. कोरगावला निरोप घेऊन मी गेलो. नर्मदा दहनाला आली. बारा वर्षांनी त्या अंगणात पाऊल टाकलं ते असं.

तेराव्याला सगळी गेल्यावर मी तिच्यासमोर बसलो आणि तिला त्या दिवशीचं सगळं सांगितलं. त्याने मान कशी वर केली, 'ती गेली हा' असं कसं म्हणाला, मी त्याला काय बोललो. सांगताना मला बरं वाटत होतं, हेही कबूल करतो. मनावरचं ओझं उतरत होतं ना.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्या तुमी त्या दिवशी आमच्या ओटयेर सांगूक व्हया होता, मास्तर. मी त्याच होडयेन घराक इलंय आसतंय."