हळू बोला, बाई

“शब्द कमी अन् तुकडेच जास्त,” नायब तहसीलदार साहेब म्हणाले. “याच्या भरवशावर अख्खं गाव ठेवायचं का?”

संग्रामपूरच्या तहसीलमध्ये मी माझा हॅम रेडिओ मांडून बसलो होतो. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, लायसन्स काढून हौसेनं चालवायचा वायरलेस. टेलिफोन खात्यातून रिटायर झालो, पण ही खाज काही गेली नाही. पलीकडच्या सेटवर वानखडे बाई होत्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात, शाळेच्या गच्चीवर. लायसन्स नवंकोरं. मागच्या पुरात त्या गावाचा रस्ता तुटला, मोबाइल बंद पडले, मदत मागायलाही मार्ग उरला नाही. आजचा डेमो जमला तरच बाईंचा सेट पुराच्या प्लॅनमध्ये जाणार होता.

“सर! आय... येऊन रा... का?”

अँटेना हलवून झाला. बाईंना बॅटरी बदलायला लावली. तेच. माझा पारा चढायला लागला. मग मीटरकडं लक्ष गेलं. सिग्नल तर फुल होता! तुटत होतं ते फक्त जोरात म्हटलेलं.

मला हसूच आलं. बाई नाल्यापलीकडच्या शेतात हाक मारावी तशा बोलत होत्या. आमच्याकडं लांबच्या माणसाशी असंच बोलतात. पण हा एफएम, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन. इथं ओरडून लहर जोरदार होत नाही. आवाजासरशी तिची फ्रिक्वेन्सी मागेपुढे झुलते, आणि आवाज जेवढा मोठा तेवढा झोका मोठा. याला डेव्हिएशन म्हणतात. ऐकणाऱ्या सेटची वाट मात्र काटेरी कुंपणांमधल्या पांदणीएवढी अरुंद. गाडी फार झुलली की काट्यात गेलीच.

“बाई, हळू बोला. मैत्रिणीच्या कानात सांगता तसं. ओव्हर.”

“हळू? इतल्या दुरून? काऊन?”

नवलानं बाईंचा आवाज खाली आला होता, आणि शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. सेट प्लॅनमध्ये गेला.

त्या पावसाळ्यात नदी चढली. मोबाइल गेले. तहसीलमध्ये मी सेटवर होतोच.

“सर, रस्ता बंद हाये. एका बाईले कळा सुरू झाल्या. सिस्टरले घेऊन बोट पाठवा. ओव्हर.”

शेजारी बसलेला क्लार्क म्हणाला, “आवाजावरून तं काई अर्जंट नाही वाटत.”

“अर्जंट आहे म्हणूनच त्या हळू बोलून राह्यल्या. बोट काढा!”

बोट गेली. नंतर बराच वेळ सेट गप्प होता. मग एकदम आवाज आला.

“सर! पो... झा...! दोघी खु...!”

एफएमचा नियम समजायला सोपा आहे, पाळायला नाही.

“बाई, हळू सांगा!” मी म्हणालो. तेही ओरडूनच.