लाल दिव्याची पावती

मशीनवर लाल दिवा लागला आणि आमचे सुपरवायझर शिंदे माझ्याकडे असे बघायला लागले, जसा मी त्यांच्याच घरात चोरी करताना सापडलो.

"गावडे, तू? कधी तोंडाला लावली नाहीस म्हणतोस ना?"

"नाहीच लावली! तुमच्या मशीनची वाट लागलीय."

मी रेल्वेत पॉइंट्समन. गाडी कुठल्या रुळावर न्यायची, तो सांधा बदलणारा माणूस. चौथी नापास, पण माझ्या हातचा सांधा कधी चुकला नाही. त्या सकाळी माहुलच्या बाजूला एका कंपनीच्या सायडिंगमध्ये, म्हणजे त्यांच्या आवारातल्या रुळांवर, तेलाची मालगाडी आत घेत होतो. मधलीच एक टाकी रुळावरून उतरली आणि कलली. भरलेली. मी हाताच्या अंतरावर. उलटली असती तर हे लिहायला मी नसतो आणि पलीकडची वस्तीही नसती. पण ती तशीच तिरकी, कण्हत उभी राहिली. एवढं लोखंड, एवढं तेल, आणि एक ठिणगी नाही! मी हात जोडले. कुणाला, ते अजून सांगता येत नाही.

अपघात झाला की त्या गाडीशी संबंध आलेल्या प्रत्येकाने मशीनमध्ये फुंकायचं. श्वासात दारू असली तर मशीन ओळखतं आणि आकडा छापून पावती देतं. ड्रायव्हरचा शून्य आला. माझा लाल.

रेल्वेच्या दवाखान्यातून आलेल्या डॉक्टर कांबळे मॅडम खडीवरच उभ्या होत्या. "काका, आत्ता काही घेतलंत?"

"पाणी. आणि छातीत धडधडलं म्हणून हिने दिलेले होमिओपॅथीचे थेंब."

त्यांनी बाटली हुंगली. "ह्यात अल्कोहोल असतं."

"काहीतरीच! माझी बायको मला दारू पाजेल?"

त्या हसल्या नाहीत. "तोंडात राहिलंय ते. चूळ भरा. थोडं थांबू, परत फुंका. रक्तपण घेते."

दुसऱ्यांदा शून्य आला. मी म्हटलं, "आता ती पहिली पावती फाडा."

शिंदेही म्हणाले, "फाडा ना मॅडम. रिटायरमेंटला आलाय म्हातारा, पेन्शन अडकेल."

"दोन्ही राहतील. बाटलीपण. काका, इथे सही करा."

"नाही करत. माझी नोकरी घालवायचीय तुम्हाला."

"बरं." त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "सही करण्यास नकार."

अंगाचा नुसता भडका उडाला माझ्या, तोंडाला येईल ते बोललो त्यांना.

मग चौकशी बसली. कंपनीचा माणूस उठला. "पॉइंट्समन प्यायलेला होता. लाल दिवा आमच्या लोकांनी बघितलाय. तो दाबून टाकला."

चौकशीच्या साहेबांनी शांतपणे कांबळे मॅडमनी सील केलेलं पाकीट टेबलावर फोडलं. मशीन प्रत्येक फुंकरीला नंबर देतं, हे मला तेव्हा कळलं. लाल पावती, तिच्या पाठोपाठच्या नंबरची शून्याची पावती, रक्ताचा रिपोर्ट, माझी बाटली. सगळं जागच्या जागी.

साहेब म्हणाले, "मधला एक नंबर जरी नसता ना गावडे, तरी तुमच्यावर मी विश्वास ठेवला नसता."

दारूचा विषय तिथेच संपला. गाडी उतरली ती कंपनीच्याच सायडिंगमधल्या सांध्याचं पातं झिजून तुटल्यामुळे, असं शेवटी निघालं.

मी मात्र त्या टेबलाकडे बघतच राहिलो. टाकी कलून उभी राहिली तेव्हा जसा बघत होतो, तसाच. ज्या बाईला मी चारचौघांत नाही नाही ते बोललो, तिने माझं सगळं जपून ठेवलं होतं. माझ्या बाजूचं, माझ्या विरुद्धचं, माझा हट्टसुद्धा.

बाहेर मॅडम दिसल्या. म्हटलं, "मॅडम, माझी सही राहिलीय. आता करतो."

"आता नाही चालत काका. त्या दिवशीचं ते त्या दिवशीचं."

म्हणजे सरकारदरबारी मी अजून नकारच देतोय. असू दे. थेंब मी आजही घेतो, धडधड लगेच थांबते. ड्युटीवरच्या माणसाने मात्र आधी फुंकावं, मग धडधडावं.