'ए' तुकडीतली जागा

तिसरीत, दिवाळीच्या सुट्टीनंतर, मला 'ए' तुकडीतून काढून 'बी'त बसवलं. कागलच्या एमआयडीसीत कारखाना असलेल्या एका गृहस्थांच्या मुलाला वर्षाच्या मधेच प्रवेश द्यायचा होता आणि 'ए'मध्ये जागा नव्हती. अभ्यासात मी पुढे होते, तरी मलाच हलवलं. आई शाळेत गेली. मी तिच्या पदरामागे.

"काय केलंया ओ माझ्या पोरीनं?"

"काहीच नाही हो," 'ए'च्या बाई म्हणाल्या. "उलट फार शांत आहे. कुठंही बसेल. दुसऱ्या कुणाला हलवलं तर रडारड होते."

"गप हाय म्हणून उचलून टाकायची व्हय? पोरगी हाय का पोतं?"

बाई हसल्या. ते हसू मी जपून ठेवलं. लहानपणीचं सोडून द्यावं म्हणतात. मी अजून सोडलेलं नाही.

'बी'चा वर्ग वर, पत्र्याखाली. खाली 'ए'त बाई विचारत ते प्रश्न जिन्यातून ऐकू येत. उत्तरं मला यायची. मी ती मनातच देत असे.

उन्हाळ्याच्या तोंडाला तपासणी आली. शिक्षण खात्याचे साहेब फक्त 'ए'त बसत. म्हणून त्या दिवशी इतर तुकड्यांतली हुशार मुलं 'ए'त आणायची आणि 'ए'तली कच्ची वर पाठवायची, अशी शाळेची रीतच होती. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. बाई स्वतः वर आल्या. "चल बाळ, दप्तर घे." मी त्यांचं बाळ याआधी कधीच नव्हते. जिन्यात कारखानदारांचा मुलगा वर येताना भेटला.

"बेंचखाली माझी वॉटरबॅग हाय. हात लावायचा न्हाय."

बेंच माझाच होता. कर्कटकानं कोरलेलं फूल अजून होतं.

साहेबांनी विचारलं, पंचगंगा कोणकोणत्या नद्यांची मिळून होते? बाईंनी लगेच माझ्याकडे बोट केलं. मी उभी राहिले. पाचही नावं जिभेवर होती. मी तोंड उघडलं नाही. बाई आधी हसल्या, मग त्यांनी डोळे मोठे केले, मग साहेबांच्या पाठीमागून ओठांनी 'कासारी' दाखवू लागल्या.

"घाबरू नकोस," साहेब म्हणाले. "नवीन आहेस का वर्गात?"

"नाही सर. मी 'बी'तली. इथं जागा नाही."

साहेब बाईंकडे वळले. "मग आज कशी झाली?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी ते डोळे भरून बघितलं.

साहेब गेल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "येत होतं ना तुला?"

मी शांतच होते की. त्यांनी ढकलून मला वर पाठवलं. 'ए'त परत कधी घेणार नाहीत हे तेव्हाच कळलं. जिना चढताना मी म्हणत गेले: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. आणि पाचवी सरस्वती, जिला सगळे गुप्त म्हणतात, ती खालपर्यंत ऐकू जाईल अशी, सगळ्यांत मोठ्यानं.