शिवलेली पानं

मनमाडला गाडी बदलायची म्हणजे माणसाच्या सहनशक्तीची परीक्षाच. आपली मोठ्या रुळांची गाडी सोडून निजामाच्या लहान रुळांच्या गाडीत बसायचं, तेही ती आली तर. पुण्याहून निघताना हिने दोन गोष्टी बजावल्या होत्या : बाहेरचं खाऊ नका आणि कुणाशी भांडू नका. पहिली मी निम्मी पाळली. दुसरी हैदराबाद संस्थानाची हद्द लागेपर्यंतच टिकली.

हद्दीत शिरलं की करोडगिरीवाले (जकात घेणारे) सामान उघडून बघतात. माझ्या पिशवीत पोटाच्या तक्रारीवरचा काढा होता. शिपायाने बूच काढलं, वास घेतला आणि मोठ्यांदा विचारलं, "शराब?" अहो, मी पुण्यातल्या मद्यपाननिषेध मंडळाचा चिटणीस! माझा असा तिळपापड झाला की मी त्याला डब्यातच दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान द्यायला लागलो. त्याने शेवटी करंगळीने थेंबभर काढा जिभेला लावला, तोंड वेडंवाकडं केलं आणि बाटली माझ्या हातात कोंबली. "ले जाव बाबा, ले जाव," म्हणत तो पुढच्या डब्यात पळाला. समोरचे प्रवासी परभणी येईपर्यंत माझ्याकडे बघून हसत होते.

एवढ्या लांब मी का निघालो, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली होती : 'सुरापाश अर्थात केशवाचा ऱ्हास'. एका सज्जन माणसाचं दारूपायी कसं वाटोळं होतं, याची ही कथा. खपली कमी, वाटली जास्त. उरलेल्या प्रतींना प्रकाशकाच्या कोठारात वाळवी लागली, आणि माझी स्वतःची प्रत कुणी वाचायला नेली ते आता आठवतसुद्धा नाही. आता मंडळाने ती शाळांतून बक्षीस द्यायला पुन्हा छापायची ठरवली, तर छापायला प्रतच नाही! पुस्तक लिहिलेल्या माणसाकडेच पुस्तक नाही, अशी माझी तऱ्हा. दोन महिने मी पुण्यातली कपाटं धुंडाळली. मग दत्तूचं पत्र आलं. दत्तू माझा जुना विद्यार्थी, परभणीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून आहे. त्याने लिहिलं होतं, "सर, तुम्ही मला मॅट्रिकला बक्षीस दिलेली प्रत इकडे एका गावात आहे. लोक जमून तिचं वाचन ऐकतात." मी ते पत्र तीनदा वाचलं. माझ्या डोळ्यांपुढे वाचनालय उभं राहिलं, स्वच्छ सतरंजी, उदबत्ती, भिंतीवर थोरांच्या तसबिरी.

परभणी स्टेशनवर दत्तू घ्यायला आला होता. रात्री त्याच्या बायकोने ज्वारीची भाकरी, करडईची भाजी आणि येसराची आमटी (धान्य आणि मसाले भाजून केलेल्या पिठाची) वाढली. बाहेरचं खाणं हे नव्हेच, अशी मनाची समजूत घालून मी तीन भाकरी खाल्ल्या. आमटी एवढी जहाल होती की डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी वाटी पुढे केली. काढ्याची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून आम्ही दमणीतून (हलक्या बैलगाडीतून) पोखर्णीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, काढणीला आलेली ज्वारी, मध्येच करडईचे पिवळे पट्टे. पोखर्णीच्या नरसिंहाचं देऊळ यायच्या बरंच अलीकडे दत्तूने गाडी ओढ्याकडे वळवली. तिथे शिंदीची झाडं होती, झाडांना मडकी बांधलेली होती, आणि एका लिंबाखाली गवताने शाकारलेली बुटकी पडवी होती. पडवीत पंधरावीस माणसं लहान लहान गाडगी घेऊन उकिडवी बसली होती. आंबूस वास गाडीपर्यंत आला.

"दत्तू, हे काय आहे?"

"शिंदीचं दुकान, सर." तो बैलांकडे बघत म्हणाला. "वाचन इथेच होतं."

मी गाडीतून उतरेना. शिंदी म्हणजे त्या झाडाचा रस. सकाळी गोड असतो, दुपार टळली की फेसाळून चढायला लागतो. माझं पुस्तक तिथे! दत्तू मला हळूहळू समजावू लागला. त्याच्याकडून प्रत घेऊन वाचन करणारे वीरभद्रअप्पा लिंगायत वाणी, धान्याचे व्यापारी. गळ्यात लिंग, दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. आधी ते आपल्या दुकानाच्या ओट्यावर वाचायचे. पण माणसं जमायला लागली तेव्हा पोलीस विचारायला आले, सभेची इजाजत काढली आहे का? "सर, इथे चार माणसांनी जमून काही ऐकायचं तर परवानगी लागते," दत्तू म्हणाला. "जमून शिंदी प्यायला लागत नाही."

मी उतरलो.

दुकान गोदाबाईचं होतं. पन्नाशीची कलालीण, हातात लांब दांड्याची पळी, आवाज खणखणीत. दत्तूने ओळख करून दिली तसा पडवीतला सगळा गलका थांबला.

"मी घेत नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"देयलंय कोण?" गोदाबाई म्हणाली. "आप्पा, मास्तरला तुमच्या तांब्यातलं पाणी द्या. केशवाचं पुस्तक तुमी लिवलं?"

"हो."

"मंग केशव तुमच्या वळखीचा आसंल."

"छे. कल्पनेतला आहे."

"आसंल की वळखीचा," ती म्हणाली आणि मडक्याकडे वळली. "न्हाई तर आसं लिवता येत न्हाई."

मी पाणी पिण्याचं निमित्त केलं. खरं सांगायचं तर केशव म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा. हे मी पुण्यात कुणाला सांगितलेलं नव्हतं, हिलासुद्धा अर्धंच माहीत होतं. दादा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्याचा फोटो नाही, पत्र नाही. जो काही तो उरला आहे तो त्या पुस्तकात. मंडळाच्या छपाईचं कारण होतं ते होतंच, पण मला ती प्रत का हवी होती, ते हे.

ऊन लिंबाखालून सरकलं तसं अप्पांनी फडक्यातून पुस्तक काढलं. कोपरे गोल झालेले, पुठ्ठ्यावर गाडग्यांचे गोल डाग. त्यांनी वाचायला सुरुवात केली ती माझ्या आवडत्या जागेपासून. केशवने लेकीच्या पायातले वाळे विकले आहेत. तो घराशी येतो. दार लोटलेलं आहे. आत यमुना लेकीला सांगते आहे, "तुझे बाबा नाशिकला गेलेत. येताना नवे वाळे आणणार आहेत." केशव दाराबाहेर उभा राहून हे ऐकतो, आणि आल्या पावली परत फिरतो.

अप्पा घाईने वाचत नव्हते. एकेक वाक्य धान्य पारखावं तसं हातात घेऊन पुढे टाकत होते. पडवीतली माणसं जमिनीकडे बघत होती. माझ्या शेजारी ग्यानबा म्हणून झाडावर चढून शिंदी काढणारा म्हातारा बसला होता, त्याने गाडगं हळूच खाली ठेवलं. माझं मलाच भरून आलं.

आणि पुढच्याच क्षणी अप्पांनी अंगठ्याने पानांचा एक अख्खा गठ्ठा उलटला आणि भलतीकडूनच वाचायला लागले.

"अहो, थांबा! पानं राहिली," मी ओरडलो.

"ती शिवल्यात," अप्पा शांतपणे म्हणाले.

मी पुस्तक हिसकावून घेतलं. सात-आठ पानं एकत्र धरून कडेने सुतळीने शिवलेली होती, पोत्याचं तोंड शिवतात तशी. मी पुढे चाळलं. अशा पाच जागा! ज्या ज्या जागी मी वाचकाला उद्देशून चार हिताच्या गोष्टी लिहिल्या होत्या, नेमकी ती ती जागा. अप्पांच्या पटक्यात दाभण खोवलेलंच होतं.

"हे कुणी सांगितलं शिवायला?"

"म्या," गोदाबाई म्हणाली.

"उघड आहे! तुमचा धंदा बसेल म्हणून! दारू वाईट असं कुणी वाचलं तर इथे येईल कोण?"

माझा आवाज चढला होता. भांडू नका हे हिचं सांगणं पार वाऱ्यावर गेलं. गोदाबाईने मात्र आवाज चढवला नाही. पळीने तिने माणसांपुढची गाडगी दाखवली. "बघा की. आत्ता ते दाराचं वाचलं, तर कुणी प्यायलंय का? रोज हे वाचलं की निम्मी शिंदी तशीच ऱ्हाती, म्या सांजच्याला वतून देते. धंद्याची फिकीर आसती तर हे पान शिवलं नसतं का?"

"मग ती पानं का शिवलीत?"

"तितं तुमी बोलायलाव, मास्तर. तुमी बोलाय लागलाव की केशव गप बसतो, यमुना गप बसती. मान्सं वाट बघायलीत, ह्यो मास्तर कवा जाईल म्हणून."

पडवीत कुणीतरी खोकलं. ते हसू दाबलेलं होतं, हे मला कळलं.

"ती पानं या पुस्तकाचा आत्मा आहेत," मी म्हणालो.

"मंग उसवा की. पुस्तक तुमचं हाय. तुमीच वाचून दावा."

मी खिशातला चाकू काढला आणि टाके कापले. उभा राहिलो. पुण्यात माझं व्याख्यान शेवटच्या रांगेत ऐकू जातं. "हे प्रिय वाचका," मी सुरुवात केली, "पाहिलीस ना या अभाग्याची दशा?" लोक आदराने ऐकत होते. खरंच आदराने. एक पान झालं. ग्यानबाने गाडगं उचलून तोंडाला लावलं. दुसरं पान सुरू झालं तेव्हा एकाने हळूच आपलं गाडगं पुन्हा भरून मागितलं. अप्पा मांडीवर पडलेले सुतळीचे तुकडे झटकत होते. समोरचा एक तरणा गडी आढ्याला चिकटलेल्या पालीकडे बघत होता, अगदी नम्रपणे, तोंडावरची रेषही न हलवता.

आणि मी त्या गड्याकडे बघत राहिलो.

दादा असाच बघायचा. मी त्याला रोज संध्याकाळी समोर बसवून समजावायचो. तो कधी उलट बोलला नाही. मान हलवायचा आणि भिंतीवरच्या पालीकडे बघत राहायचा. शेवटच्या वर्षी तो काही सांगायला लागला की मी म्हणायचो, "आधी माझं ऐक." काय सांगायचं होतं त्याला, ते मला आजही माहीत नाही. मी बोलत राहिलो आणि तो गप बसला. या पानांत मी लिहिलेलं सगळं मी त्याला सांगितलेलंच होतं, शब्दन् शब्द.

वाक्य अर्धं टाकून मी पुस्तक मिटलं. "अप्पा," मी म्हणालो, "दाभण द्या तुमचं."

"तुमाला जमणार न्हाई, गुरुजी. आना इकडं." अप्पांनी पुस्तक घेतलं आणि चार टाक्यांत पानं होती तशी शिवून टाकली. गोदाबाईने दत्तूला तेवढं म्हटलं, "मास्तरला सावलीत बसव."

मग अप्पांनी पुढचं वाचलं. मी आयुष्यात पहिल्यांदा माझं पुस्तक ऐकलं. दिवे लागायच्या आत शेवटची दोन पानं उरली, तेव्हा त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. आता माझा आवाज व्याख्यानाचा राहिला नव्हता. केशव धर्मशाळेच्या पायरीवर मरून पडलेला असतो, त्याच्या मुठीत नवे वाळे असतात, आणि यमुना ते सोडवून घेते. पुढे सुतळी होती. मी थांबलो.

"मंग यमुनेनं ते पोरीच्या पायात घातले का?" ग्यानबाने विचारलं.

"मला माहीत नाही."

"तुमालाच न्हाई म्हाईत?"

"घातले आसतील," गोदाबाई म्हणाली आणि मान वळवून मडकी झाकायला लागली.

निघताना मी चाचरतच प्रत मागितली. पडवीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ग्यानबा तर सरळ म्हणाला, "मंग आमी काय ऐकावं?" गोदाबाईने धुतलेलं फडकं आणलं, पुस्तक त्यात बांधलं आणि माझ्या हातात देऊनही गाठ सोडली नाही. "दिवाळीच्या आत धाडा," ती म्हणाली. "केशवाबिगर ही मान्सं माझं डोस्कं खातील." मी कबूल केलं तेव्हा कुठे तिने हात काढला.

परतीच्या गाडीत मी कुणाशीही भांडलो नाही. करोडगिरीवाल्याने फडक्यातलं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि सुतळीवर बोट ठेवून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, ते तसंच आहे.

घरी आल्यावर हिने शिवणाच्या पेटीतून कात्री काढली, बिचारीला वाटलं प्रवासात पुस्तकाचं काही झालं. मी तिच्या हातून कात्री घेतली, आणि दादाबद्दल उरलेलं अर्धं तिला सांगितलं. छापखान्यात मी बजावलं, शिवलेलं सोडून बाकी जुळवा. मंडळात बराच गोंधळ झाला. उपदेश गेला कुठे, असं अध्यक्षांनी विचारलं. मी म्हटलं, परभणीकडे राहिला. चिटणीसपद गेलं.

नव्या आवृत्तीला मी फक्त दोन पानांची प्रस्तावना जोडली. लेखकाने आपल्या पात्रांच्या मध्ये मध्ये बोलू नये, त्यांना बोलू द्यावं, हे त्यात नीट समजावून सांगितलं होतं. दिवाळीच्या आत जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती पोखर्णीला रवाना केल्या.

महिन्याने अप्पांचं कार्ड आलं. "केशव पोचला. सर्वांना आनंद जाहला. ग्यानबा आपली आठवण काढतो. नव्या पुस्तकातली सुरुवातीची दोन पानं गोदाबाईच्या सांगण्यावरून शिवली आहेत. राग नसावा."

राग आला. सबंध दिवस होता. संध्याकाळी कपाटातली माझी प्रत काढली, ती दोन पानं पुन्हा एकदा वाचली, आणि हिला हाक मारून सुई-दोरा मागितला.