उन्हात उडणारा लाल

मंगल गेल्याचं मला कुणी फोन करून सांगितलं नाही. आम्हा कलाशिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी कुणीतरी तिचा फोटो टाकला, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि अकरा जणांचे हात जोडून झाल्यावर मी ग्रुप उघडला. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय सत्तेचाळीस. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्याआधी अकरा जणांना कळलं. तिची सगळ्यात जुनी मैत्रीण मी, आणि माझा नंबर बारावा. दुःख त्याच्या मागून आलं, इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या गाडीची वाट बघताना. आलं ते मात्र असं, की शेजारच्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

बारामतीत तिच्या दारापुढं इतकी माणसं होती की मला आत जायला वाट मिळेना. लासुर्ण्याहून, तिच्या माहेराहून, दोन टेम्पो भरून लोक आले होते. ती गर्दी बघत मी उभी राहिले आणि मनात म्हटलं, माझ्या वेळी एवढी येतील का? अशा वेळीही माणसाला असलं काहीतरी सुचतं. निदान मला सुचलं. पुढं दहाव्याला गेले, तेव्हा कोपऱ्यावर तिच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलेला होता, कॉम्प्युटरच्या ठोकळेबाज अक्षरांत. तो वाचताना वाटलं, आता या दोन तालुक्यांत हातानं नीट लिहिणारी मी एकटीच उरले... हे छापून यायला नको असं घरच्यांचं म्हणणं आहे. पण मंगलबद्दल लिहायचं आणि माझा जळफळाट वगळायचा, तर लिहायला फारसं उरत नाही.

आमची ओळख बारामतीतच झाली, कलाशिक्षकाची पदविका करताना. मी इंदापूरच्या तहसीलमधल्या कारकुनाची मुलगी. वडिलांनी पुण्याहून आणलेली निबांची पेटी मिरवत मी वर्गात गेले होते. मंगलच्या घरी टोमॅटो आणि डाळिंब. बाजारात क्रेटची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक क्रेटवर मालकाचं नाव रंगवावं लागतं, आणि त्यांच्या घरात ते काम मंगलकडे होतं. शाळेत असल्यापासून तिनं वडिलांचं नाव किती हजार वेळा रंगवलं असेल कोण जाणे. सुलेखनाच्या पहिल्या तासाला सरांनी आम्हाला बोरू दिले, म्हणजे टोक तिरकं कापलेल्या लेखण्या. मंगलनं एक ओळ लिहिली. सर तिच्या बाकापाशी आले आणि तास संपेपर्यंत तिथून हलले नाहीत. माझी पेटी कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून.

ब्रश पेन तिच्या हातात पहिल्यांदा दिला तो मीच. तेव्हा मी इंदापूरला शाळेत लागले होते आणि मुंबईहून मागवलेले महागडे जपानी पेन रुमालात गुंडाळून ठेवत होते. हा पेन दाबला की जाड रेघ येते, हात हलका केला की केसासारखी बारीक. तिच्या वाढदिवसाला त्यातला एक दिला, थोडासा प्रेमानं आणि थोडासा माझ्याकडे काय काय आहे हे तिला दिसावं म्हणून. पंधरा दिवसांनी ती माझ्याकडे आली ती पोरांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात मिळणारा स्वस्तातला बारा रंगांचा सेट घेऊन. त्यातल्या पेनांची टोकं तिनं ब्लेडनं तिरकी कापली होती.

"बोरूवानी केली बघ," ती म्हणाली. "आपल्या अक्षराला तिरकं टोक लागतंय. सरळ टोकानं ते विंग्रजी लिवत्यात."

मग तिनं 'ळ' लिहून दाखवला. जे वळण महागाच्या पेनातून मला महिनाभर गवसत नव्हतं, ते त्या कापलेल्या टोकातून सहज उतरलं. मी म्हटलं, "छान आहे, पण टोक लवकर फिसकटेल." ती म्हणाली, "फिसकटलं की परत कापायचं. स्वस्ताचा हाय, जीव न्हाय अडकत त्यात." ती गेल्यावर मी दार लावून माझा एक जपानी पेन कापला. तो पार वाया गेला. हे मी तिला कधीच सांगितलं नाही.

आमच्याकडं नोकरीतून माणूस निवृत्त झाला की गाव त्याला मानपत्र देतं. हातानं लिहिलेलं, काचेच्या चौकटीत बसवलेलं. ते पडवीत दर्शनी भिंतीला लागतं आणि आल्यागेल्याला वाचून दाखवलं जातं. आमच्या तालुक्यातली ही कामं कित्येक वर्षं माझ्याकडे येत होती. मी निबानं, पक्क्या काळ्या शाईत लिहायची. मंगल लग्न होऊन बारामतीत राहिली, घरीच सुलेखनाचे वर्ग घ्यायला लागली, आणि तिनं मानपत्रं रंगीत ब्रश पेनांनी लिहायला सुरुवात केली. एकदा आमच्या भागातले एक मुख्याध्यापक माझ्याकडे आले. मला वाटलं, काम घेऊन आले. ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं बी चांगलंच असतंय, पण मंगलताईंनी लिवलेलं बघितलं का? त्यांचा नंबर हाय का तुमच्याकडं?" मी नंबर दिला. एक आकडा चुकवावा असं फार वाटलं होतं, पण बरोबर दिला.

त्याच महिन्यात आम्ही दोघी बारामतीच्या एका दुकानात पेन निवडायला गेलो. मंगलबरोबर पेन घ्यायला जाणं म्हणजे अर्धा दिवस गेला असं समजायचं. लोक कागदावर नुसत्या वेलांट्या मारून बघतात. ही मात्र पिशवीतून आपले कागद काढायची, एक गुळगुळीत, एक खरबरीत, आणि दोन्हींवर एकेक अक्षर लिहायची. मग बोट ओलं करून त्यावरून फिरवायची. निळ्यावर पिवळा घासला तर पिवळ्याचं टोक मळतं का ते बघायची. टोपण लावताना टक् असा आवाज आला नाही तर तो पेन बाजूला. सांडलेलं पाणी, घामेजलेला हात, खरबरीत कागद, सगळ्याचा विचार तिनं केला होता. उन्हाचा तेवढा केला नव्हता. आयुष्यभर उन्हात राबलेल्या घरातली ही बाई, आणि तिला ऊन आठवलं नाही.

एक लाल तिला फार आवडला. डाळिंबाच्या दाण्यासारखा, किमतीलाही हलका. तिनं मला विचारलं, "शैला, मानपत्राला चालंल का गं ह्यो? भितीवर टांगायचं असतंय."

मला माहीत होतं. त्या पेनातली शाई कच्ची, पाण्यात कालवलेल्या रंगाची. आमच्या शाळेत खिडकीसमोर मी लावलेल्या सुविचारांच्या पाट्या, त्याच पेनांनी लिहिलेल्या, एका उन्हाळ्यात पांढऱ्याफटक पडल्या होत्या. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "चालेल की." तिनं त्या लालचे सहा पेन घेतले.

पुढच्या उन्हाळ्यानंतर लासुर्ण्याच्या एका निवृत्त गुरुजींच्या पडवीतल्या मानपत्राचा रंग उडाला. मजकूर फिकट दिसत होता, पण लाल रंगातलं गुरुजींचं नावच गायब. मानपत्र आहे आणि माणूस नाही, अशी तऱ्हा. मला कळलं तेव्हा मी चेहरा वाईट केला, आणि आत कुठंतरी गार वाटलं. आता येतील लोक माझ्याकडे परत... तर मंगलनं काय करावं? आधी पक्क्या शाईचे परवडणारे पेन शोधून काढले. मग यादी काढून, त्या लालनं लिहिलेली सगळी मानपत्रं घरोघर जाऊन उतरवून आणली आणि नव्यानं लिहून परत टांगून दिली. कुणाला दोष दिला नाही, दुकानदारालाही नाही. "माजी चूक हाय, मी ऊन बघितलं न्हाय," एवढंच प्रत्येक दारात सांगायची. लोकांनी तिला नावं ठेवायची सोडून डोक्यावर घेतलं. पडवीत बसून मंगलताईंनी आमच्यात चहा घेतला, हे लोक मानपत्राइतक्याच कौतुकानं सांगायला लागले. माझ्या खोटेपणातून तिचंच नाव मोठं झालं, आणि मी आणखी जळले.

त्याच वर्षी ती आमच्या शाळेत हस्ताक्षर स्पर्धेची परीक्षक म्हणून आली होती. त्या पांढऱ्या पडलेल्या, कोपऱ्यात पेन्सिलनं वर्ष घातलेल्या पाट्यांसमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, माझ्या अक्षरातल्या चुका काढते आहे. मी तिला घाईघाईनं चहाला नेलं.

सांगायचं मनात बऱ्याचदा आलं. शेवटची भेट भिगवणला झाली, मासे खायला गेलो होतो. मी म्हटलं, "मंगल, तुला त्या लाल पेनाचं एक सांगायचं होतं." तिनं माझ्या ताटात माशाचा तुकडा वाढला आणि म्हणाली, "आदी जेव. गार हुतंय." मला तेवढं निमित्त पुरलं. मी जेवले.

ती जाऊन पाच आठवडे झाल्यावर तिच्या यजमानांचा, दिलीपरावांचा फोन आला. लासुर्ण्याचे वायरमन निवृत्त झाले होते, त्यांच्या सत्काराचं मानपत्र मंगलच्या टेबलावर अर्धं राहिलं होतं. मी बारामतीला गेले. टेबलावर पेनांचे दोन डबे होते. एकावर चिठ्ठी, 'उन्हाला चालणारे'. दुसऱ्यावर, 'सावलीतले', म्हणजे वहीत, पाकिटावर, बंद राहणाऱ्या कागदावर वापरायचे. दुसऱ्या डब्यात तो लाल होता. त्याच्या अंगावर कागदाची पट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीवर तिच्या अक्षरात, 'शैलाची पसंती'.

दिलीपराव चहा घेऊन आले. मी पेन त्यांच्यासमोर धरला आणि सगळं सांगून टाकलं. दुकान, पाट्या, माझं 'चालेल की'.

"तिला म्हाईत हुतं, ताई," ते म्हणाले. "तुमच्या शाळंतनं आली त्या दिवशीच म्हणली, शैलाच्या पाट्या कवाच उडल्यात, तिला ठाऊक हुतं."

"मग मला काही बोलली कशी नाही?"

"मी बी त्येच इचारलं. तर म्हणली, पयला पेन तिनंच माज्या हातात दिलाय, तिला काय बोलू." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "तुमी सांगाल म्हणून वाट बी बघत हुती. मग म्हणली, ऱ्हाऊ दे, तिला सांगायला लई जड जाईल."

म्हणजे भिगवणला तिनं मला सोडवलं होतं, माशाचा तुकडा वाढून. अक्षरात ती माझ्या पुढं होती हे मी कधीच मनोमन कबूल केलं होतं. मनाच्या मोठेपणातही पुढं असावी, याचा मात्र मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या इतका हेवा वाटला, की रडू आलं ते नेमकं कशाचं हे मला आजही सांगता येणार नाही.

मानपत्र मी दोन दिवस बसून पुरं केलं, 'उन्हाला चालणारे' घेऊन. कुठं तिचं अक्षर संपतं आणि कुठं माझं सुरू होतं ते कुणालाही दिसेल. खाली उजव्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात घालायची पद्धत आहे. तिचं एकटीचं नाव घालायचं असं मी ठरवून बसले होते. तेवढंही मला जमलं नाही, दोघींची घातली. तिचं नाव वर, पक्क्या काळ्या शाईत. त्याखाली माझं, त्या लाल पेनानं. वायरमनतात्यांच्या पडवीत दुपारभर ऊन असतं, हे मी दिलीपरावांना आधीच विचारून घेतलं होतं.